वचन वाचणे आणि पाळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासना संपल्यावर दाराशी, कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत) चहा घेताना, रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर बायबल वाचण्याविषयी आणि त्याप्रमाणे वागण्याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे प्रश्न आधी आहेत आणि अडचणीचे नंतर. एका उत्तराचा भाग दुसरीकडे आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. मी बायबल कधीच वाचलेले नाही. पहिल्या पानापासून सुरुवात करू का?

करायला हरकत नाही, पण बहुतेक जण उत्पत्ती आणि निर्गम आवडीने वाचतात आणि निवासमंडपाच्या (इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूच्या) मोजमापांपाशी अडकतात. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. शुभवर्तमान म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, असे चार आहेत. ते सर्वांत छोटे आहे, 16 अध्यायांचे, आणि त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो. त्यानंतर मत्तय 5 ते 7, म्हणजे डोंगरावरील प्रवचन. कवी नारायण वामन टिळकांना 1893 मध्ये रेल्वेच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार (बायबलचा येशूपासून पुढचा भाग) दिला. त्यांना धरून ठेवले ते याच तीन अध्यायांनी. दोन वर्षांनी, 1895 मध्ये, मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. शिकवण आवडणे आणि शिकवणाऱ्याच्या मागे जाणे यांत किती अंतर असते, ते हे तीन अध्याय वाचताना जाणवते. त्यापुढे योहान, प्रेषितांची कृत्ये, याकोबाचे पत्र. सोबत रोज एक स्तोत्र.

2. रोज किती वाचावे?

जेवढे दिवसभर मनात राहील तेवढे. हिशेबच हवा असेल तर: नव्या करारात 260 अध्याय आहेत, आठवड्यातून पाच दिवस एकेक वाचला तर बरोबर वर्षात पूर्ण होतो. संपूर्ण बायबलमध्ये (66 पुस्तकांच्या) 1189 अध्याय आहेत. रोज तीन आणि रविवारी पाच वाचले तर तेही वर्षात बसते.

पण वर्षात बायबल संपवण्याची शर्यत नवख्या माणसाने लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्चमध्ये चार दिवस चुकतात, बारा अध्यायांची थकबाकी होते, अपराधी वाटते आणि पुस्तक मिटते ते पुढच्या 31 डिसेंबरपर्यंत. दिवस चुकला तर मागचे भरून काढू नका, आजचे वाचा.

3. मराठीत कोणते भाषांतर घ्यावे? कॅथलिक बायबल वेगळे असते का?

मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी बायबल सोसायटीचे भाषांतर वाचले जाते. पाठांतर आणि उपासना त्यातच होत असल्यामुळे ते एक घरी असावेच. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतले एखादे भाषांतर शेजारी ठेवा. वसईकडच्या आणि इतर कॅथलिक वाचकांना फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ परिचित आहे. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. फरक जुन्या करारात आहे, नवा करार दोन्हीकडे 27 पुस्तकांचाच.

मराठी नवा करार सर्वप्रथम बंगालमधल्या सेरामपूरहून मिशनरी विल्यम केरी यांनी 1811 मध्ये छापला. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले आणि 1922 मध्ये मृत्यूपूर्वी ते काम पुरे केले. ज्या पुस्तकासाठी एका स्त्रीने आयुष्याची शेवटची वर्षे दिली, ते आपल्या कपाटात धूळ खात पडू नये असे मनापासून वाटते.

4. ‘मनन करा’ म्हणतात. म्हणजे नेमके काय करायचे?

एक उतारा घेऊनच सांगते. लूक 19:1-10 (म्हणजे लूकच्या पुस्तकाचा 19 वा अध्याय, वचने 1 ते 10), जक्कयाची गोष्ट. संडे स्कूलपासून पाठ असलेली, म्हणूनच घेतली.

आधी मोठ्याने वाचा, घाई न करता. मग उताऱ्यात काय लिहिले आहे एवढेच पाहा. गाव यरीहो. जक्कय मुख्य जकातदार (रोमी सत्तेसाठी कर वसूल करणारा, म्हणून लोकांना नकोसा) आहे, श्रीमंत आहे, ठेंगणा आहे. तो उंबराच्या झाडावर चढतो. येशू झाडाखाली थांबून त्याला नावाने हाक मारतो आणि त्याच्या घरी उतरतो. लोक कुरकुर करतात. मग जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो.

आता क्रम पाहा. येशू आधी घरी गेला, पैसा नंतर सुटला. ‘लोकांचे परत कर’ असे येशू म्हणाल्याचे या दहा वचनांत कुठेही नाही. आणि चौपटच का? गणना 5:7 मध्ये नियम आहे: अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा. जक्कयाला तेवढ्यावर भागवता आले असते. चार पटीचा नियम निर्गम 22:1 मध्ये आहे, मेंढरू चोरून ते कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरासाठी. जक्कयाने स्वतःला चोराचा दर लावला. कोणी मागितला नसताना.

इथवर वाचन झाले. मनन म्हणजे हे घेऊन देवासमोर बसणे: प्रभू, माझ्याकडे कोणाचे काय राहिले आहे? बसल्यावर उत्तर बहुधा फार मोठे येत नाही. कामवाल्या मावशींची मुलगी तापाने फणफणली होती तेव्हा त्यांचे दोन खाडे कापले होते, ते आठवते. मग वहीत एक ओळ लिहायची: ‘मावशींचे दोन दिवसांचे पैसे शनिवारपर्यंत द्यायचे आणि चुकले म्हणून सांगायचे.’ ओळीत माणूस असावा, काम असावे, वार असावा. ‘मी अधिक प्रामाणिक होईन’ असे लिहिले तर शनिवारी काहीच घडत नाही.

5. पहाटे उठणे जमत नाही. दुपारी किंवा लोकलमध्ये वाचले तर चालते का?

चालते. येशू पहाटे अंधार असताना एकांतात गेला असे मार्क 1:35 मध्ये आहे, तर स्तोत्र 1 रात्रंदिवस मनन करणाऱ्याला धन्य म्हणते. दिवसातली एक ठरलेली वेळ आणि जागा असली म्हणजे पुरे. रात्रपाळी करणाऱ्या नर्सने पहाट साधावी असा आग्रह कोणी धरू नये.

6. आईला वाचता येत नाही. विश्वासात तिची वाढ कशी होणार?

पहिल्या शतकातल्या बहुतेक विश्वासणाऱ्यांच्या हातात पुस्तक नव्हतेच, ते ऐकत होते. प्रकटीकरण 1:3 मध्ये वाचून दाखवणारा आणि ऐकणारे, दोघांनाही धन्य म्हटले आहे. मराठी बायबल ध्वनिमुद्रित स्वरूपात मोबाइलवर मोफत मिळते, ते आईला लावून द्या. त्याहून चांगले म्हणजे रोज दहा वचने तुम्ही तिला वाचून दाखवा आणि ‘आई, यातले काय लागले तुला?’ असे विचारा. वाचता न येणारी माणसे ऐकलेले धरून ठेवण्यात आपल्यापेक्षा पुढे असतात.

7. वाचते पण काहीच वाटत नाही. कोरडे वाटते. माझ्या विश्वासात खोट आहे का?

लगेच तसे समजू नका. स्तोत्र 13 ‘कोठवर?’ या प्रश्नाने सुरू होते. स्तोत्र 88 तर अंधारातच संपते, शेवटी उजेडाचा शब्दही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. काही न वाटणारी प्रार्थनासुद्धा देव ऐकतो म्हणूनच ते तिथे आहे.

तरीही कारण पाहावे. कधी शरीर थकलेले असते. 1 राजे 19 मध्ये संदेष्टा एलीया मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. देवाची वाणी त्यानंतर येते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, कशातच मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे असेल तर डॉक्टरांना भेटा, हा अविश्वास नव्हे. आणि कधी कारण असे असते की कळलेली एखादी गोष्ट आपण महिनोन्‌महिने टाळत असतो. ती कोणती हे बहुधा आपल्याला ठाऊक असते. तिच्यासाठी प्रश्न 9 आणि 12 पाहा.

8. तारण कृपेने आहे ना? मग आज्ञा पाळण्यावर एवढा जोर कशाला?

तारण कृपेनेच आहे. इफिसकरांस 2:8-9 मध्ये प्रेषित पौल (नव्या करारातल्या अनेक पत्रांचा लेखक) ते कोणालाही बढाई मारता येऊ नये अशा शब्दांत सांगतो. पण पुढचेच वचन, दहावे, म्हणते की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण केलेले आहोत. लोक आठ-नऊ पाठ करतात आणि दहा सोडतात.

दहा आज्ञांचा क्रमही असाच आहे. निर्गम 20 मधली पहिली आज्ञा येण्याआधी देव सांगतो: मी तुला मिसर देशातून, दास्यातून बाहेर काढले. समुद्र आधी दुभंगला, आज्ञा नंतर आल्या. आज्ञा पाळा म्हणजे सोडवीन, असे सीनाय डोंगरावर, जिथे आज्ञा मिळाल्या, कोणी म्हटले नाही. म्हणून आज्ञापालनातून देवाचे प्रेम विकत घेता येत नाही. ते आधीच मिळाले आहे हे ज्याला कळले, त्याला पाळावेसे वाटू लागते. ‘माझ्यावर प्रीती असेल तर माझ्या आज्ञा पाळाल’ हे योहान 14:15 त्याच अर्थाने वाचा.

9. अजून बरेच काही कळत नाही. आधी नीट समजू द्या, मग पाळीन, हे चुकीचे आहे का?

हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. योहान 7:17 मध्ये येशू म्हणतो की देवाच्या इच्छेप्रमाणे करण्याची ज्याची तयारी आहे, त्याला ही शिकवण देवापासून आहे की नाही ते कळेल. म्हणजे करण्याची तयारी आधी, कळणे मागाहून. आपण नेमके उलटे धरून बसतो.

लूक 5 मधला पेत्र पाहा, जो पुढे येशूचा शिष्य झाला तो मासे धरणारा. रात्रभर कष्ट करून काही हाती लागलेले नाही, जाळी धुऊन झाली आहेत, आणि खोल पाण्यात जाळी सोड असे सांगणारा माणूस सुताराच्या घरचा. पेत्राला पटले होते असे वाटत नाही. तुमच्या शब्दावरून सोडतो, एवढेच तो म्हणतो. येशू कोण आहे ते त्याला जाळी भरल्यावर उमगले, आणि मग तो गुडघ्यांवर आला.

म्हणून दोन याद्या करा. न कळलेल्या वचनांची एक, ती पाळकांना, वर्गातल्या जाणत्यांना विचारायला ठेवा. कळलेल्या वचनांची दुसरी: खोटे बोलू नका, सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, मजुराची मजुरी अडवू नका. दुसऱ्या यादीतले आज एक करा. पहिल्या यादीतली काही वचने त्यामुळेच आपोआप उलगडतात, हे अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. क्षमेवरची वचने तर क्षमा न करणाऱ्याला शेवटपर्यंत कोडेच राहतात.

10. जुन्या करारातले नियमही पाळायचे का? दोन प्रकारच्या धाग्यांचे कापड घालू नये असे लिहिले आहे!

ते लेवीय 19:19. पण त्याच अध्यायात अठरावे वचन आहे: आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर. तेराव्यात मजुराची मजुरी सकाळपर्यंत ठेवून घेऊ नको असे आहे. नवव्यात शेताच्या कडा गोरगरिबांसाठी सोड असे आहे, आणि त्याच नियमामुळे रूथ या गरीब परदेशी विधवेला बवाजाच्या शेतात सरवा वेचता आला. अख्खा अध्याय फेकता येत नाही आणि अख्खा जसाच्या तसा लागूही करता येत नाही.

कसोटी ही: नवा करार त्या नियमाचे काय करतो? यज्ञ ख्रिस्ताच्या एकाच अर्पणात पूर्ण झाले (इब्री 10). खाण्यापिण्याची बंधने येशूने सैल केली (मार्क 7). अन्यजातीय (यहूदी नसलेल्या) विश्वासणाऱ्यांवर सुंतेचे ओझे घालायचे नाही हे प्रेषितांच्या यरुशलेमच्या सभेत ठरले (प्रेषितांची कृत्ये 15). आणि देवावर व शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा येशूने स्वतः सगळ्या नियमशास्त्राचा आधार म्हणून सांगितली (मत्तय 22:37-40). जो नियम आपल्याला लागू नाही, तोही वाचा. देवाला कशाची काळजी आहे हे त्यातून कळते, आणि लेवीय 19 मध्ये ती काळजी मजूर, परदेशी, बहिरा आणि आंधळा यांची आहे.

11. 31 डिसेंबरच्या उपासनेत नव्या वर्षाचे वचन म्हणून मला यिर्मया 29:11 चे (देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत) कार्ड मिळाले. म्हणजे या वर्षी माझे परदेशचे काम होणार ना?

कार्ड जपून ठेवा, पण निर्णय त्यावर घेऊ नका. आधी पूर्ण अध्याय वाचा. हे बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. पाचव्या वचनापासून तो सांगतो: घरे बांधा, बागा लावा, लग्ने करा, ज्या शहरात नेले आहे त्याचे हित पाहा. दहाव्या वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी कित्येकांनी परतीचा दिवस पाहिलाही नसेल, तरी देवाचा त्यांच्याविषयीचा संकल्प हिताचाच होता. तुमचा व्हिसा नाकारला गेला तरी हे वचन खोटे ठरत नाही, एवढे बळ त्यात आहे.

फिलिप्पैकरांस 4:13 (मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्वकाही करू शकतो) याचेही तसेच. परीक्षेच्या हॉलतिकिटावर लिहिण्याआधी वचने अकरा आणि बारा वाचा. भूक असो वा भरपूर असो, दोन्हींत समाधानी राहायला आपण शिकलो, असे पौल तुरुंगातून सांगतो आहे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट ठेवायचे, ही सवय असेल तर ती सोडा.

12. बरेच पाळतो, एकच गोष्ट सुटत नाही. देव समजून घेईल ना?

झगडत असाल आणि पुन्हा पुन्हा पडत असाल तर 1 योहान 1:9 तुमच्यासाठी आहे: पाप कबूल करा, तो क्षमा करण्यास विश्वासू आहे. मात्र ‘बाकी सगळे करतो, हे एक राहू द्या’ अशी तडजोड असेल तर 1 शमुवेल 15 वाचा. शौल राजाला संदेष्टा शमुवेलाकडून शत्रूचे सगळे काही, गुरेमेंढरेसुद्धा, नष्ट करण्याची देवाची आज्ञा मिळाली होती; त्याने बरेचसे केले आणि चांगली मेंढरे राखून ठेवली. वर शमुवेलाला सांगितले की देवाची आज्ञा पाळली. शमुवेलाने विचारले, मग ही मेंढरांची ओरड कसली? यज्ञासाठी ठेवली, हे शौलाचे उत्तर होते. धार्मिक कारण पुढे करून ठेवलेली गोष्ट सोडायला सर्वांत अवघड असते. ती एकट्याने सुटत नसेल तर याकोब 5:16 प्रमाणे एका विश्वासू माणसाला सांगा. एकालाच, आणि पोटात ठेवणाऱ्याला.

13. घरात मी एकटीच विश्वासात आहे. आई प्रसाद देते, दिवाळीचा फराळ असतो. काय करू?

दोन्ही एक नाहीत. फराळ हे आईच्या हातचे खाणे आहे, आनंदाने खा, करायलाही मदत करा. घर झाडणे, पाहुण्यांचे करणे, आजीचे पाय चेपणे, यात तर तुम्ही सगळ्यांच्या पुढे असायला हवे. आईवडिलांचा मान राख, ही आज्ञा ते ख्रिस्ती नाहीत म्हणून रद्द होत नाही.

अर्पण केलेल्या अन्नाविषयी पौलाने 1 करिंथकरांस 8 ते 10 असे तीन अध्याय लिहिले, ते सलग वाचा. मूर्ती काही नाही हे तो मान्य करतो. वाढलेले चौकशी न करता खा म्हणतो. पण हे अर्पण केलेले आहे असे कोणी सांगितले तर खाऊ नका, आणि पूजेत सहभागी होऊ नका, असेही म्हणतो. म्हणून नकार द्यावा तो नम्रपणे, आईला एकटीला गाठून, चार पाहुण्यांसमोर नव्हे. ‘आई, तुझ्यावर राग नाही गं, पण हे मला नाही घेता येणार’ इतके पुरे. त्यांच्या देवांची टिंगल करू नका. बायबल उघडपणे वाचू देत नसतील तर मोबाइलवर वाचा किंवा ऐका, आणि भांडण न करता थांबा.

14. भावाने वडिलोपार्जित जमिनीत फसवले. क्षमा करायची म्हणजे दावा मागे घ्यायचा का?

क्षमा आणि दावा या वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे सूड सोडणे, त्याचे वाटोळे व्हावे ही इच्छा सोडणे (रोमकरांस 12:19). ती आजच करायची आहे, भाऊ माफी मागो न मागो. सातबाऱ्यावरचे नाव हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि न्याय मागणे पाप नाही, विशेषतः त्या वाट्यावर तुमच्या लेकरांचे किंवा विधवा बहिणीचे पोट असेल तर.

भाऊही विश्वासणारा असेल तर 1 करिंथकरांस 6 आधी येते: मंडळीतले दोन शहाणे बसवा, कोर्ट नंतर. तिथे पौल आणखी पुढे जातो, त्यापेक्षा तुम्ही अन्याय का सोसत नाही, असे विचारतो. हा प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. पण स्वतःलाच. दुसऱ्याला ‘तू सोस’ असे सांगायला हे वचन वापरू नये. लूक 12 मध्ये वाटणीसाठी आलेल्या माणसाला येशूने निवाडा दिला नाही, लोभाविषयी सावध केले. बांधावरच्या भांडणात दोन्ही बाजूंनी हे ऐकण्यासारखे आहे.

15. पाळकसाहेब सांगतील ते पाळणे म्हणजेच देवाची आज्ञा पाळणे का?

नाही. पुढाऱ्यांचे ऐका असे इब्री 13:17 सांगते, आणि कळपावर धनीपणा करू नका असे 1 पेत्र 5:3 त्याच पुढाऱ्यांना सांगते. बिरुया या गावातल्या लोकांनी खुद्द पौलाचे बोलणे रोज शास्त्रात तपासून पाहिले, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली (प्रेषितांची कृत्ये 17:11). चांगला पाळक अशा तपासणीने दुखावत नाही.

‘देवाने मला तुझ्याविषयी सांगितले’ असे म्हणून कोणी लग्न, नोकरी किंवा पैसा यांबद्दल हुकूम देत असेल तर घाई करू नका, चार जाणत्या माणसांना विचारा. आणि औषधे बंद करा असे कोणी सांगितले तर मुळीच ऐकू नका. पौलाचा सोबती लूक वैद्य होता (कलस्सैकरांस 4:14), आणि पोटाच्या तक्रारीसाठी पौलाने तीमथ्याला उपाय सांगितला, औषध सोडायला सांगितले नाही (1 तीमथ्य 5:23). इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, मनोविकाराच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

16. नवरा मारतो. मंडळीतल्या बायका म्हणतात, पतीच्या अधीन राहा, प्रार्थना कर. हेच आज्ञापालन आहे का?

नाही, ताई. इफिसकरांस 5 मध्ये अधीनतेचा विषय एकविसाव्या वचनात ‘एकमेकांच्या’ या शब्दाने सुरू होतो, आणि पतीला सांगितले आहे की ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तशी पत्नीवर प्रीती कर, आपल्या शरीरासारखे तिचे पालनपोषण कर. हात उचलणारा ती आज्ञा मोडतो आहे. मार खात राहिल्याने तो ती पाळू लागत नाही.

शौल राजाने भाला फेकला तेव्हा त्याच्या पदरी असलेला दावीद भिंतीशी उभा राहिला नाही. तो निसटला आणि त्याच रात्री पळून गेला (1 शमुवेल 19:10). शौल अभिषिक्त राजा होता आणि दावीदाने त्याच्यावर कधी हात उगारला नाही, तरी त्याच्या टप्प्यात राहणे हे आपले कर्तव्य आहे असेही त्याने मानले नाही. क्षमा सुरक्षित जागी राहूनही करता येते.

आज धोका असेल तर 112 वर पोलिसांना फोन करा. 181 ही महिला हेल्पलाइन आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आदेश आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो, त्यासाठी घटस्फोट घ्यावा लागत नाही. आधार कार्ड, मुलांचे दाखले, औषधे आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासातल्या बहिणीकडे ठेवा. आणि मंडळीतल्या ज्या बहिणी हे वाचत असतील त्यांनी तिला वचन सांगण्याआधी आपल्या घरी झोपायला जागा द्यावी.